पाठ जमिनीला लागते तेव्हा

मी व्यावसायिक खेळाडू नाही आणि कधी नव्हतो. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत लहानपणी कुस्ती, कोल्हापुरात कॉलेजला असताना कराटे, पुण्यात नोकरी लागल्यावर ज्युदो आणि तिशी उलटल्यावर ब्राझिलियन जिउ-जित्सू असा माझा क्रम झाला. या चारही प्रकारांत मी हौशी स्पर्धकांच्या गटातून उतरलो आहे, जिंकलो आहे आणि त्याहून अधिक वेळा हरलो आहे. इतकी वर्षे घाम गाळल्यावर एक गोष्ट मला पक्की पटली आहे, आणि तीच येथे सविस्तर मांडायची आहे. हार कशाला म्हणायचे हे प्रत्येक कलेने आपापल्या परीने ठरवून ठेवलेले असते, आणि शिकणाऱ्याचे शरीर त्या एका नियमाभोवती घडत जाते. डाव, पकडी, पवित्रे हे सगळे त्या नियमाच्या मागोमाग येते. एका कलेतून दुसरीत जाणाऱ्या माणसाला नवे डाव शिकणे फारसे जड जात नाही. आधीच्या कलेने अंगात मुरवलेली हारेची भीती सोडवणे मात्र फार जड जाते.

मातीतल्या कुस्तीत हा नियम अतिशय स्वच्छ आहे. पाठ मातीला लागली की चितपट, आणि चितपट झाली की कुस्ती संपली. दोन्ही खांदे किती वेळ टेकले हे कोणी घड्याळ लावून मोजत नाही; पंचाला दिसले आणि हलगी कडाडली की निकाल लागला. गावच्या जत्रेतल्या मैदानात लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग दहा-वीस रुपयांच्या, मग शेकड्यांच्या आणि शेवटी मोठ्या इनामाच्या. जोड लावताना वजनकाटा नसतो. दोन्हीकडचे जाणते लोक दोन पोरांना शेजारी शेजारी उभे करतात, खांदा, मान आणि मांड्या डोळ्यांनी तोलतात आणि ‘होय’ म्हणतात. या पद्धतीत अन्याय होऊ शकतो हे मान्य करूनही, माणसाच्या अंगाची ताकद ओळखणारी ती नजर मला पुढे कोणत्याही वजनकाट्याजवळ सापडली नाही.

तालमीतला दिवस पहाटे सुरू व्हायचा. आधी हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, माती खोऱ्याने उकरायची, म्हणजे हात, खांदे आणि कंबर आपोआप तापत. त्या तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद आणि तेल मुरवलेले असे, त्यामुळे ती मऊ राहते आणि अंगावर बसली तरी कातडी सोलत नाही. मग जोर, बैठका, दोर चढणे, आणि त्यानंतर लढती. वस्ताद हौद्याच्या कडेला उभे राहून फारच थोडे बोलत. मला त्यांचे सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य आठवते ते असे: “पोटावर पड रं, मातीला चिकट!” पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडताना, किंवा ढाक हा फेकीचा डाव चुकवताना तोल गेलाच, तर हवेतल्या हवेत फिरून पोटावर पडायचे, हात अंगाखाली घ्यायचे, हनुवटी छातीला लावायची आणि वरचा मल्ल घिस्सा मारून उलटवू लागला तरी उलटायचे नाही. पाठ ही जणू शरीराचा भागच नाही, ती घराण्याची ठेव आहे, अशा काळजीने ती मातीपासून राखायची. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या अंगात ही गोष्ट अशी बसते की पुढे झोपेत कोणी ढकलले तरी तो पोटाकडेच वळेल.

पोटावर पडून राहण्याच्या या बचावाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कुस्तीच्या इतिहासातच आहे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्तानिस्लॉस झबिस्को यांची लढत झाली. गामाने पहिल्याच मिनिटात त्याला खाली घेतले, आणि त्यानंतर झबिस्को अडीच तासांहून अधिक काळ जवळजवळ पूर्ण वेळ गादीला चिकटून राहिला. गामाला त्याला उलटवता आले नाही आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा लावायची ठरली होती, पण झबिस्को आलाच नाही. 1928 मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले. मी शाळेत असताना ही हकीकत ऐकली तेव्हा मला झबिस्कोचा राग आला होता. आता मात्र मला त्याच्या त्या अडीच तासांबद्दल आदर वाटतो. नियम सांगत होता की पाठ टेकली तरच हार. त्याने आपले अवाढव्य शरीर त्या एका वाक्यामागे उभे केले आणि जगातल्या सर्वांत मोठ्या मल्लाला रोखून धरले.

कोल्हापूरला गेल्यावर मी कुस्ती सोडली. त्यामागे एक साधे कारण होते, आणि ते आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांचे असते. तालमीत राहून कुस्ती करायची तर खुराक हवा; दूध, तूप, बदामाची थंडाई यांवरचा खर्च संपूर्ण घराला सोसावा लागतो. घरची म्हैस मुलाच्या नावाने राखून ठेवणारे वडील आणि दर आठवड्याला डबा घेऊन तालमीच्या दारात उभे राहणारे काका मी पाहिले आहेत. जो मुलगा मोठ्या मैदानापर्यंत जाणार नाही हे दिसते आहे, त्याच्यासाठी एवढा भार कोणी का उचलावा? कुस्ती हे आपल्याकडे व्रत आहे, आणि व्रताला अर्धवेळ सोय नसते. खासबागेत मी बसलो ते प्रेक्षक म्हणूनच. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि 1912 मध्ये पूर्ण झालेल्या त्या मैदानात खोलगट मध्यभागी हौदा आहे आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक आहे, त्यामुळे सर्वांत मागच्या माणसालाही चितपट स्पष्ट दिसते. निकाली कुस्ती झाली की तिथे उठणारा आवाज आणि गुणांवर निकाल लागला की पसरणारी नाराजी, या दोन्हींत प्रेक्षकांचाही तोच नियम बोलत असतो.

कराटेकडे मी वळलो ते कॉलेजच्या मित्रांमुळे, आणि त्याबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण त्या कलेत माझे मन फार काळ रमले नाही. तरीही तिने मला जी एक गोष्ट शिकवली ती इतर कोणी शिकवली नसती. स्पर्धेतल्या कराटेत ठोसा पूर्ण वेगाने जायला हवा आणि समोरच्याच्या अंगाशी थांबायला हवा. हाताच्या फटक्याला एक गुण, कमरेच्या वरच्या भागावर बसलेल्या लाथेला दोन, डोक्याकडे गेलेल्या लाथेला तीन. पण ताबा सुटून जोरात लागले तर गुण जातोच, वर दंडही बसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 च्या ऑगस्टमध्ये, 75 किलोंवरील गटाच्या अंतिम फेरीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी आघाडीवर होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर अशी बसली की गंजजादेह बेशुद्ध पडला. हमेदीला बाद ठरवण्यात आले आणि सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्या माणसाला मिळाले. माझे अनेक मित्र त्या निकालावर चिडले होते. मला तो निकाल योग्यच वाटला, कारण त्या कलेने हार म्हणजे ताबा सुटणे असे आधीच सांगून ठेवले आहे. कुस्तीत पकड मिळाली की ती सोडायची नाही हे मी शिकलो होतो. येथे हात पोहोचल्याच्या क्षणी तो परत खेचायला शिकलो. जिल्हा पातळीवरच्या एका स्पर्धेत मला दुसऱ्या फेरीत बाहेर पडावे लागले, तेव्हा माझ्याविरुद्ध गेलेले बहुतेक गुण याच संथ माघारीमुळे गेले होते. मी ठोसा मारून तिथेच रेंगाळत असे, आणि समोरचा मुलगा तेवढ्या वेळात मारून निघून जात असे.

ज्युदोने मला खऱ्या अर्थाने दुसरे शिक्षण दिले. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले ठोसे, लाथा आणि सांधे तोडणारे धोकादायक प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले. वरवर पाहता कलेतले दात काढून टाकल्यासारखे वाटते, परंतु परिणाम उलटा झाला. घातक डाव नुसते हवेत किंवा संथपणे करून पाहता येतात, तर फेकी आणि पकडी रोज, पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर करता येतात. ज्याने वर्षभर रोज पूर्ण ताकदीने फेकायचा सराव केला आहे त्याच्यासमोर केवळ घातक डाव पाठ असलेला माणूस टिकत नाही. आमच्या तालमीतली लढत हेच करत होती, फक्त आम्हाला त्यामागचे तत्त्व कोणी सांगितले नव्हते.

ज्युदोच्या वर्गात सर्वांत आधी पडायला शिकवतात. गुंडाळत जाऊन पाठीवर पडायचे, हनुवटी आत ठेवायची आणि पडता पडता हाताने गादीवर जोरात थाप मारायची, म्हणजे आघात पसरतो आणि डोके वाचते. इतर नवशिक्यांना हे काही आठवड्यांत जमले. माझे शरीर मात्र ऐकेना. फेक लागली की मी हवेत पोटाकडे वळत असे, आणि ते न जमल्यास मानेवर कमान करून पाठ वर ठेवत असे, ज्याला आजकाल तालमीतसुद्धा ब्रिज म्हणतात. ज्युदोत ही कमान मान मोडण्याचा धोका म्हणून पाहिली जाते, आणि स्पर्धेत कमान करून पडणाऱ्याला पाठीवर पडल्यासारखेच धरून पूर्ण गुण दिला जातो. आमचे सर मला दर वेळी थांबवून शांतपणे सांगत, “पाठ टेकू द्या. इथे ती सरावात टेकली तर काही जात नाही.” मला हे वाक्य डोक्याने लगेच समजले. अंगाला समजायला कितीतरी महिने लागले, आणि ज्या दिवशी एका वजनदार सहकाऱ्याने मला खांद्यावरून फेकल्यावर मी सरळ पाठीवर पडून उठलो, त्या दिवशी मला एखादी स्पर्धा जिंकल्याइतका आनंद झाला.

ज्युदोत पाठीचे महत्त्व कमी नाही, फक्त त्याचा हिशेब वेगळा आहे. जोर, वेग आणि ताबा यांसह समोरच्याला पाठीवर फेकले तर इप्पोन, म्हणजे सामना तिथेच संपतो. ती फेक अपुरी राहिली आणि पुढे त्याला पाठीवर दाबून धरले, तर त्यासाठी 20 सेकंद लागतात. कुस्तीत क्षणभर खांदे टेकण्याने सर्वस्व जाते. ज्युदोत दाबाखाली सापडलेल्या माणसाला निसटायला 20 सेकंद मिळतात. पहिल्या स्पर्धेत मला कोणीतरी दाबून धरले तेव्हा माझ्या मनाने पहिल्याच सेकंदाला हार मानली होती. डोक्यात हलगी वाजून गेली होती. घड्याळ चालू आहे, अजून झगडता येते, हे लक्षात येईपर्यंत निम्मा वेळ निघून गेला, आणि उरलेला पुरला नाही.

आणखी एका बाबतीत ज्युदोने मला अस्वस्थ केले आणि अजूनही करते. एकेरी पट आणि दुहेरी पट हे कुस्तीचे पायाभूत डाव. पायाला हात घालणे हे आमच्यासाठी चालण्याइतके स्वाभाविक होते. आंतरराष्ट्रीय ज्युदोने 2010 मध्ये पायांवर थेट हल्ला करण्यास मनाई केली आणि 2013 मध्ये उभ्या लढतीत कमरेखाली हात लावण्यावर पूर्ण बंदी आणली. फेकी देखण्या राहाव्यात, खेळाडू वाकून एकमेकांच्या पायांवर झेपावत राहू नयेत आणि ज्युदोचे रूप कुस्तीहून वेगळे दिसावे, अशी त्यामागची कारणे दिली जातात. मला ती कारणे समजतात, पण पटत नाहीत. खुद्द कानो यांनी तरुणपणी आपल्याहून बलवान सहाध्यायाला पाडण्यासाठी पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकातून जो डाव उचलला असे सांगितले जाते, तो काता-गुरुमा म्हणजे आपला कलाजंगच आहे: प्रतिस्पर्ध्याच्या काखेत आणि मांड्यांत शिरून त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलायचा आणि पलीकडे टाकायचा. संस्थापकाने ज्या दारातून ज्ञान आत आणले, तेच दार नंतरच्यांनी बंद केले. पायाला हात न लावता काता-गुरुमा करण्याचे प्रकार आता खेळाडूंनी शोधले आहेत आणि ते कौशल्याचे आहेत, तरीही मूळ डावाची ताकद त्यांत नाही. एका खुल्या स्पर्धेत माझा हात नकळत समोरच्याच्या गुडघ्यामागे गेला आणि पंचाने हात वर केला. नियम मला तोंडपाठ होता, परंतु हात तालमीतला होता.

बाहेरली टांग मात्र मला ज्युदोत जशीच्या तशी भेटली. तिथे तिला ओ-सोतो-गारी म्हणतात. कुस्तीत मी ती घामाने निसरड्या झालेल्या मानेला आणि दंडाला धरून मारत होतो; ज्युदोत जाड कॉलर आणि बाही हातात असते, त्यामुळे समोरच्याचा तोल कापडातून जाणवतो. हा फरक लहान नाही. कापड धरता आले की हलक्या माणसाला वजनदार माणसाचा तोल दुरूनच खेचता येतो. उघड्या अंगाच्या कुस्तीत त्यासाठी छातीला छाती भिडवावी लागते. मला स्वतःला उघड्या अंगाची कुस्ती अधिक प्रामाणिक वाटते, आणि कापडाची अधिक बारकाईची.

येथे खाशाबा जाधवांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा मातीवर घडले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही जवळजवळ नवे होते, तरी ते आपल्या गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. आपण त्यांच्या जिद्दीबद्दल बोलतो, लोकांनी जमवलेल्या पैशांबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी मधल्या चार वर्षांत मातीतून गादीवर जाण्यासाठी आपल्या शरीराला काय काय विसरायला लावले असेल, याचा विचार मला ज्युदो शिकताना वारंवार येत असे. मातीत पाय रुततो, गादीवर तो सटकतो. मातीत वेळ पुरेसा असतो, गादीवर गुण आणि मिनिटे धावत असतात. आज महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी गादीवर एकमेकांना भिडतात. मातीचा मल्ल त्या शेवटच्या लढतीत किती गोष्टी एकाच वेळी सांभाळत असतो, हे दोन्हींवर घाम गाळलेल्यालाच पुरते कळेल.

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथली लढत सुरू होताच समोरचा तरुण आपण होऊन खाली बसला आणि पाठीवर आडवा झाला. त्याने पाय माझ्या कमरेभोवती घातले आणि तो शांतपणे माझी बाही धरून वाट पाहू लागला. कुस्तीच्या हिशेबाने मी केव्हाच जिंकलो होतो. पुढच्या मिनिटात त्याने माझा हात ओढून, पाय मानेवरून टाकून कोपर असे ताणले की मला जमिनीवर थाप मारून थांबवण्याची विनंती करावी लागली. या कलेत पाठीवर असणे ही हार नाही, ती एक बैठक आहे, आणि तिला गार्ड म्हणतात. खालच्या माणसाने वरच्याला उलटवले तर दोन गुण, वरच्याने खालच्याच्या पायांचा अडथळा ओलांडला तर तीन, छातीवर स्वार झाले तर चार. आणि समोरच्याच्या पाठीवर चढून पाय आत अडकवले तर तेही चार, शिवाय गळ्याभोवती हात जाण्याची वाट मोकळी.

माझी खरी अडचण याच शेवटच्या नियमाने केली. तोल गेला की पोटावर वळायचे हे माझ्या अंगात इतके खोल होते की मी संकटात सापडताच आपण होऊन पाठ समोरच्याच्या स्वाधीन करत असे. कुस्तीत पाठ जमिनीपासून वाचवायची असते. जिउ-जित्सूत ती प्रतिस्पर्ध्यापासून वाचवायची असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्ण करता येत नाहीत. कोच ओरडत, “वळू नका, माझ्याकडे तोंड करा, पाठीवर राहा!” आणि माझ्या कानात त्याच क्षणी वस्तादांचे “मातीला चिकट” घुमत असे. ज्या बचावाने झबिस्कोने गामाला रोखले, तोच बचाव येथे गळा आवळून घेण्याचे आमंत्रण ठरतो. बाहेरगावी झालेल्या एका स्पर्धेत, तिशीवरील निळ्या पट्ट्याच्या गटात, मी पहिली लढत पट काढून आणि वर राहून जिंकली. दुसऱ्या लढतीत प्रतिस्पर्ध्याने मला उलटवले, मी सवयीने पोटावर गेलो आणि पाचातली दोन मिनिटेही झाली नसताना गळ्याभोवतीच्या हाताला थाप मारून लढत संपवली.

ही थाप मारण्याची रीत मला या सर्व कलांमधली सर्वांत मोठी देणगी वाटते. कुस्तीत आणि कराटेत निकाल पंच देतो. जिउ-जित्सूत, आणि ज्युदोतल्या आवळण्याच्या आणि सांधे ताणण्याच्या डावांत, हरणाऱ्याने स्वतः हार सांगायची असते, तीही वेळेवर. आमच्याकडच्या परंपरेत कुस्तीचे हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती आणि जरासंधी असे चार प्रकार सांगतात. त्यांतल्या जांबुवंतीत प्रतिस्पर्ध्याला कुलपासारखे अडकवून शरण आणायचे असते. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही, फक्त आजच्या मैदानातून ती गेली आहे. तालमीत वाढलेल्या मुलाला स्वतःच्या हाताने हार कबूल करणे सुरुवातीला अपमानासारखे वाटते. पण त्यातच त्या कलेची सोय आहे: थाप मारली की समोरचा सोडतो, दोघे हात मिळवतात आणि लगेच पुन्हा सुरू करतात, त्यामुळे चाळिशीतला कारकून आणि विशीतला विद्यार्थी एकमेकांशी संध्याकाळभर पूर्ण जोराने लढूनही दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतात.

थाप न मारण्याची किंमत काय असते हेही या कलेच्या इतिहासात नोंदलेले आहे. 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक असलेला एलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुराने त्याचा हात मागे मुरगळला, हाड मोडले, तरी एलिओने थाप मारली नाही. शेवटी त्याच्या बाजूच्या लोकांनी टॉवेल टाकून लढत थांबवली. ब्राझीलच्या लोकांनी त्या पकडीला विजेत्याचेच नाव दिले आणि आज जगभर ती किमुरा म्हणून शिकवली जाते. हरलेल्या पक्षाने विजेत्याचा असा मान राखणे मला फार थोर वाटते. एलिओचे धैर्यही थोर होते, पण माझ्या वर्गातल्या कोणत्याही तरुणाने त्याचे अनुकरण करू नये असे मी आवर्जून सांगतो, कारण त्याला सोमवारी ऑफिसात टाइप करायचे असते.

या सगळ्यानंतर माझ्या मनात एक इच्छा राहते. जिउ-जित्सूत तिशीनंतर दर काही वर्षांचा वेगळा गट असतो, ज्युदोत ज्येष्ठांच्या स्पर्धा असतात, आणि चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पट्टा बांधणाऱ्या माणसाकडेही कोणी आश्चर्याने पाहत नाही. आपल्या तालमींत मात्र विशी-पंचविशीनंतर हौसेने कुस्ती शिकू पाहणाऱ्याला जागा नाही. तालमीतले हौदे पहाटे आणि दुपारनंतर गजबजतात, आणि मधले कितीतरी तास रिकामे असतात. जिल्ह्याच्या गावांत एखाद्या तालमीने रविवारची सकाळ प्रौढ हौशी मंडळींसाठी, स्त्री-पुरुष दोघांसाठी, उघडावी असे मला फार वाटते. वजनकाटा नको, वस्तादांनी त्यांच्या नजरेने जोड लावावी. पट, ढाक, कलाजंग सर्व चालू द्यावे, फक्त मानेवरच्या कमानीला मनाई असावी, कारण चाळिशीतली मान ती पेलत नाही. गुण मोजू नयेत, निकाल चितपटीनेच व्हावा, आणि ज्याला श्वास पुरत नाही किंवा सांधा दुखतो आहे, त्याला मातीवर दोनदा थाप मारून कुस्ती सोडता यावी.